पाणी कुठं, वाट कुठून?

दिवाळी आली की बजाजनगर रिकामं होतं. एरवी मोटारसायकल लावायला जागा मिळत नाही त्या गल्ल्यांत पोरं खुशाल क्रिकेट मांडतात. बुलढाण्याचे बुलढाण्याला जातात, परभणीचे परभणीला. बिहार-उत्तर प्रदेशातली मंडळी एकदा निघाली की छटपूजा उरकूनच परततात. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या आणि वडगाव कोल्हाटीच्या शिवारात ही वसाहत वाढत गेली. इथं राहणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात जो तो एकमेकांना एकच विचारतो, "गावाकडं कधी निघताय?"

आमचं निघणं भाऊबीजेवर ठरतं. माझी नणंद सिल्लोडला असते. हे तिच्याकडे ओवाळून घ्यायला जातात, सोबत आम्ही सगळे. आमच्याकडे घड्याळ कंपनीच्या शिफ्टवर चालतं. यांची नाईट असली की त्या आठवड्यात दुपारी टीव्ही बंद, मिक्सर बंद, माझ्या शिकवणीची पोरंसुद्धा पाढे हळू आवाजात म्हणतात. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे डबा. मुलांची शाळा, माझी शिकवणी आणि यांची कंपनी या तिघांना एकाच वेळी सुट्टी मिळते ती दिवाळीतच. म्हणून यंदा भाऊबीजेला जोडून दोन-तीन दिवस काढायचे आणि गड बघायचे असं ठरलं.

गडांचं खूळ धाकट्याचं. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यात जुलै 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. ही यादी त्याला पाठ आहे आणि त्याची तक्रारही पाठ आहे, "आपल्या जिल्ह्यातला एकपण नाही." त्याला रायगड हवा होता. रायगडाला जाऊन-येऊन, वर दोन रात्री राहायचं, तेही दिवाळीच्या गर्दीत, हे आमच्या हिशेबात बसेना. शेवटी हे म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात किती गड आहेत, आधी ते तर बघ."

आहेत भरपूर. जिल्ह्याचा नकाशा उघडला की वरच्या बाजूला पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली एक डोंगररांग दिसते, अजिंठ्याची रांग. तिच्या दक्षिणेला पडलेलं पाणी पूर्णा, शिवना अशा नद्यांनी गोदावरीत जातं. उत्तरेला पडलेलं पाणी गिरणा, वाघूर यांच्यामार्फत तापीला मिळतं. अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालासारखा वळसा घालते ती हीच वाघूर. रांगेची घडणही न्यारी. दक्षिणेकडून आलात तर चढतोय हे कळतसुद्धा नाही, कापूस-मक्याच्या शेतांतून रस्ता हळूहळू वर येतो. मग एकदम जमीन संपते आणि शेकडो फूट खाली खानदेश पसरलेला दिसतो. या कड्यावरून खाली उतरायला मोजकेच घाट. दिल्ली-माळव्याकडून येणारा माणूस बुऱ्हाणपूर ओलांडून दख्खनमध्ये शिरायचा तर यातलाच एखादा घाट चढून. तेव्हा घाट ज्याच्या ताब्यात, दख्खनचं दार त्याच्या ताब्यात. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा हे गड त्या दारांशी उभे आहेत आणि दाराच्या आत, पाठीशी, देवगिरी.

पोरांना सनावळ्या सांगून कंटाळा आणायचा नाही हे मी शिकवणी घेऊन शिकले आहे. म्हणून गाडीतच ठरवून टाकलं, प्रत्येक गडावर दोनच गोष्टी शोधायच्या. इथं पाणी कुठं होतं आणि वाट कुठून आली.

पाडव्याचं ओवाळणं झालं आणि आम्ही निघालो. सासूबाईंनी धपाट्यांचा डबा मांडीवर घेतला होता. डिकीत फराळ, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि नणंदेच्या मुलांसाठी फटाके. तीसगावहून शरणापूरमार्गे गेलं की शहरात शिरायची गरज नाही. भांगसीमाता गड एका अंगाला राहतो आणि थोड्याच वेळात देवगिरीचा तो शंकूसारखा डोंगर समोर येतो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडून बायका बसलेल्या असतात. दौलताबादची सीताफळं खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही हा सासूबाईंचा नियम.

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला राजधानी केली. पुढे 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं आणली आणि नाव ठेवलं दौलताबाद. बहमनी आले, निजामशाही आली, 1633 मध्ये गड मोगलांकडे गेला. एवढ्या सत्ता इथं का रुतल्या ते खंदकाशी उभं राहिलं की कळतं. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी छिन्नीने तासून उभा केला आहे. हात टेकवायला खाच नाही, पाय ठेवायला कपार नाही. घोरपडीलाही घसरायला व्हावं असा गुळगुळीत कडा आणि त्याच्या पायाशी पाण्याचा खंदक. त्यावरून आत जायला एकच चिंचोळी वाट, आणि ती पुढं डोंगराच्या पोटातल्या अंधाऱ्या भुयारात शिरते.

त्या आधीच्या सपाटीवर बघण्यासारखं इतकं आहे की बरेच लोक तिथंच दमतात. पहिल्याच दरवाजाच्या फळ्यांवर लांब लोखंडी खिळे आहेत. थोरलीने हात वर करून बघितला, खिळे तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. "एवढ्या वर कशाला?" यांनी सांगितलं, "दार फोडायला माणूस नाही, हत्ती आणायचे. खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर." पुढं हत्ती हौद लागतो, एखाद्या मैदानाएवढा. आसपासच्या डोंगरांतलं पाणी मातीच्या नळांनी इथं खेळवलेलं होतं. पाणी सापडलं, म्हणून धाकट्याने पहिला गुण स्वतःला दिला. समोर चांद मिनार, सुमारे 210 फूट, पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. भारतमाता मंदिराच्या खांबांच्या रांगेत सावली होती, तिथं सासूबाईंनी बैठक मारली. "माझे गुडघे इथवरच. तुम्ही या जाऊन."

आम्ही चिनी महालापर्यंत चढलो. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला 1687 नंतर औरंगजेबाने इथं कैदेत ठेवलं होतं. निळ्या चकाकत्या फरशांचे काही तुकडे भिंतीवर अजून टिकून आहेत. मेंढा तोफेजवळ फोटो काढणाऱ्यांची रांग होती. तिच्या मागच्या टोकाला खरोखरच मेंढ्याचं डोकं आहे, शिंगांसकट. मग अंधारी. मोबाईलचा उजेड सुरू केला तरी चार पावलांपलीकडचं दिसत नाही. वटवाघळांचा उग्र वास. मधेच वळण, मधेच पायऱ्या, मधेच फसवी वाट. शत्रू इथं शिरला की दिशा हरवायचा. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथल्या तळघरातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असतात, असं त्याने लिहून ठेवलंय. ही गोष्ट मी भुयाराच्या मध्यावर सांगायला नको होती. धाकट्याने जो माझा हात धरला तो वर उजेड येईपर्यंत सोडला नाही.

असा गड हरला कसा? 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा युवराज शंकरदेव फौजेसह बाहेर होता. रामदेवरायाने गडाचा आसरा घेतला. घाईघाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्य असेल असं वाटलं होतं, त्यांत निघालं मीठ, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. खाली परतल्यावर मी ती सासूबाईंना सांगितली. शेतकऱ्याच्या घरातली बाई, तिला कड्यांचं कौतुक नाही. त्या म्हणाल्या, "पोत्यात हात घालून बघाया नको का कुणी?" कडा अभेद्य, भुयार अभेद्य, आणि घात केला कोठीने. दिवसभरात देवगिरीबद्दल याहून नेमकं कुणी बोललं नाही.

खुलताबादहून फुलंब्रीकडे आणि तिथून सिल्लोडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. फुलंब्रीच्या पुढं रस्त्याची एक बाजू मक्याने अडवलेली. शेतकरी डांबरी रस्त्यावरच मका वाळत घालतात, कडेला दगड मांडून ठेवतात आणि गाड्या निमूट वळसा घालून जातात. यंदा सप्टेंबरच्या पावसाने मका भिजवला, कापूस काळा पडला. नंदावे पाट मांडता मांडता त्याचाच हिशेब करत होते. तरी ओवाळणी झाली, तबकात पाकीट पडलं, पुरणपोळी झाली. भाऊबीजेच्या दुपारी झोपायचंच असतं, म्हणून सगळे झोपले. सिल्लोडची हिरवी मिरची किती तिखट असते ते धाकट्याला रात्रीच्या ठेच्याने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नणंदेची मुलंही गाडीत कोंबली आणि उंडणगावमार्गे हळद्याकडे निघालो. हळदा गाव मागे पडलं की घाट सुरू होतो, खाली सोयगावला उतरणारा. पहिल्या वळणांतच शेजारच्या डोंगरावर तटबंदीची रेघ दिसली आणि गाडीत ओरडा झाला. वेताळवाडीचा गड. याला वसईगड किंवा नुसता वाडीचा किल्ला असंही म्हणतात. घाटाचा रस्ता गडाच्या इतक्या अंगाशी आहे की वाट कुठून आली हा आमचा प्रश्न तिथंच सुटला. गडावरून घाटातली प्रत्येक बैलगाडी मोजता येईल. सोयगाव बाजूने पायथ्याच्या वेताळवाडी गावातूनही चढता येतं, पण घाटातून निघणारी पायवाट सोपी. सासूबाई म्हणाल्या, "पायऱ्या नाहीत ना? मग येते." आणि आमच्या पुढं निघाल्या.

वाटेत गवत कमरेएवढं, कुसळं साडीला आणि मोज्यांना. शेवटच्या वळणावर समोर एकदम दरवाजा उभा राहतो. दोन्ही बाजूंना बुरूज, मधे उंच कमान आणि कमानीच्या वर दोन शरभ कोरलेले. वाघासारखं अंग, पण वाघ नाही. शक्तीचं हे काल्पनिक जनावर महाराष्ट्रातल्या कितीतरी दरवाजांवर आहे. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. गेल्या काही वर्षांत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने इथली डागडुजी केली, त्यामुळे ढासळलेला तट बराच सावरला आहे. नवा चुना कुठं, जुना कुठं, ते रंगावरून ओळखता येतं.

माथ्यावर पसरट जागा आहे. कोरडं पडलेलं तळं, पडक्या इमारती, हमामखाना आणि धान्याचं कोठार म्हणून सांगतात ती इमारत. जवळच जमिनीत खोदलेलं एक गोल टाकं आहे, आतून चुन्याने गिलावा केलेलं. तेला-तुपाचं टाकं. मुलांचा विश्वास बसेना. "एवढं तूप?" सासूबाई टाक्याच्या काठावर बसल्या, आत वाकून बघितलं, गिलाव्यावरून हात फिरवला. मग कोठाराकडे बोट केलं. "आमच्या माहेरी बळद होतं, असंच. वाड्याच्या भिंतीतच खोली, दार नाही. वरून ज्वारी ओतायची, खाली बोळकं असायचं, त्यातून लागेल तेवढी काढायची. आधी तळाला कडुलिंबाचा पाला, राख. कोंदट राहिली तर दाण्याला सोंडा लागतो." थोरलीने विचारलं, "आजी, किती दिवस टिकायची?" "दोन-दोन सालं. एक साल दुष्काळाचं धरूनच भरायचं." गडाच्या किल्लेदारालाही हेच करावं लागत असणार. वेढा पडला तर किती तोंडं, किती दिवस, दर माणशी किती शेर. तोफा, बुरूज, शरभ हे सगळं त्यानंतरचं. आम्ही गड बघताना आधी दरवाजा बघतो, मग तोफ शोधतो आणि कोठारापाशी बिस्किटाचा पुडा फोडून पुढं जातो. त्या दिवशी मुलं त्या टाक्याभोवती बराच वेळ रेंगाळली, त्याचा घेर पावलांनी मोजत.

गडाच्या उत्तर टोकाला दोन कमानी उभ्या आहेत, बारादरी म्हणतात. तिथं उभं राहिलं की खानदेशाकडून येणारा वारा अंगावर धावून येतो. खाली धरणाचं पाणी, पलीकडे सोयगावची शेतं. हे तिथं धपाटं खात उभे राहिले आणि म्हणाले, "इथं ड्यूटी लागली तर मी नाईटपण करीन."

येताना वाट वाकडी करून जंजाळ्याला गेलो. अंभईकडून जंजाळा गावाला रस्ता आहे. गावाच्या पलीकडे पठारावर वैशागड, आणि गावाजवळच्या दरीत उतरून गेलं की घटोत्कच लेणी. भीमाच्या मुलाचं नाव कुणी दिलं कोण जाणे, लेणी मात्र बौद्ध. आत खांबांचा मोठा विहार आणि गाभाऱ्यात धर्मचक्र प्रवर्तनाच्या मुद्रेतला बुद्ध. इथल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा उल्लेख येतो. अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं करवलं तेही याच वराहदेवाने, पाचव्या शतकात. म्हणजे गड बांधले जायच्या कितीतरी आधी या घाटांतून व्यापारी, भिक्खू, मजूर, मंत्री सगळे जात होते. वाट जुनी, गड नंतरचे. अजिंठ्याला तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागतं, इथं आमच्याशिवाय फक्त दोन शेळ्या होत्या. त्यांनी धाकट्याच्या हातातली चकली पळवली. वैशागडावर दिवस उतरायला लागला होता, म्हणून तलाव आणि दरवाजा तेवढा बघून मागे फिरलो.

परतीच्या दिवशी सिल्लोडहून थेट घरी न येता कन्नड तालुक्यातल्या अंतूरकडे वळलो. नागापूरच्या पुढं रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटचे काही किलोमीटर कच्चा. चारचाकी जाते, पण चालवणाऱ्याचा संयम बघते. हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या शेजारचा. अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं. त्याच्या नावातला औट्रम म्हणजे खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम. इथं बिबटे आहेतच. 2021 मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ चालत चालत गौताळ्यात येऊन पोचला होता. त्यामुळे ऊन उतरायच्या आत खाली येणं बरं.

गडाच्या वाटेवर एक चौकोनी दगडी खांब आहे. त्याच्या चारही बाजूंना फारसी अक्षरं कोरलेली आहेत, कोणत्या बाजूला कोणतं गाव ते सांगणारी. निजामशाहीच्या काळातला मैलाचा दगड. वाळूजच्या नगर रोडवर वाढलेल्या मुलांना हिरव्या पाट्या ठाऊक, पण त्या पाटीची खापरपणजी इथं जंगलात उभी बघून दोघंही चक्रावली. वाट कुठून आली हा प्रश्न आम्ही गडोगडी विचारत होतो, इथं वाटेनेच कोरून उत्तर ठेवलेलं.

अंतूरची खरी करामत दक्षिण अंगाला आहे. गड पठाराच्या सोंडेवर आहे, म्हणजे तीन बाजूंना दरी आणि चौथी बाजू सपाट. शत्रू त्या सपाट बाजूनेच येणार. बांधणाऱ्यांनी काय केलं, तर सोंडच कापली. खडकात आरपार खाच पाडून गड पठारापासून तोडून टाकला. त्या खाचेच्या तळाशी उभं राहून वर बघितलं की तट कुठं सुरू होतो आणि कडा कुठं संपतो ते कळत नाही. आत शिरायला एकामागून एक तीन दरवाजे, प्रत्येकाला वळण, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये. एका दरवाजावर फारसी शिलालेख आहे. माथ्यावर मोठा तलाव आणि त्याच्या काठी दर्गा. पाणी भरपूर होतं. आसपासच्या गावांतले लोक दर्ग्याला येतात, नवस बोलतात, जेवण करून जातात. आम्ही गेलो तेव्हा एका कुटुंबाची चूल पेटलेली होती आणि त्यांनी आग्रह करून आमच्या मुलांच्या हातावर गोड भात ठेवला. सासूबाईंनी परत डब्यातून अनारसे दिले.

घाटांचं आणि पाण्याचं हे गणित ज्याला पुरतं कळलं होतं असा माणूस म्हणजे मलिक अंबर. निजामशाहीचा हा वजीर मोगलांशी वर्षानुवर्षं याच मुलखात झुंजला. त्याने 1610 मध्ये वसवलेलं खडकी म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर. गाव वसवताना त्याने डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. शहरातल्या नळांच्या पाण्याची आज जी चर्चा चालते ती ऐकली की अंबराची आठवण काढणारे अजून भेटतात.

ज्यांना जायचं त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात रांग हिरवीगार असते, पण पायऱ्या आणि तट निसरडे असतात. नंतर ऊन सोसत नाही. देवगिरी सोडलं तर कुठल्याही गडावर दुकान नाही, प्यायचं पाणी नाही. माणशी दोन लिटर घरूनच न्यावं, गडावरच्या टाक्याच्या भरवशावर राहू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत, गवतात काय आहे ते दिसत नाही. कड्यांच्या कपारीत आग्यामोहळ असतं, तेव्हा आरडाओरडा, धूर आणि सेंट टाळावं. देवगिरीच्या अंधारीसाठी चांगली बॅटरी हवी. गुडघे कुरकुरत असतील तर वेताळवाडी घाटातून करावी. एका दिवसात वेताळवाडी आणि घटोत्कच लेणी आरामात होतात. अंतूरला वेगळा दिवस ठेवावा. आणि वाटेतल्या गावात एखाद्याला विचारून घ्यावं, कारण मोबाईलची रेंज घाटमाथ्यावर दडी मारते.

गडांवर फलक कमी आहेत, सिल्लोडहून किंवा कन्नडहून थेट पायथ्याला नेणारी सोयीची एसटी नाही, आणि तटावर नावं कोरणारे इथंही पोचले आहेत. यादीत नाव आलं तरच निधी आणि निधी आला तरच लोक, असं उलट्या क्रमाने चाललंय. लोक आधी गेले, मुलांना घेऊन गेले, गावात चहा प्यायले, तर फलक आणि बस मागे येतील असं मला वाटतं.

पुढचा नंबर सुतोंड्याचा. सोयगाव तालुक्यातल्या बनोटीजवळचा हा गड. त्याचा दरवाजा खडक कापून केलेल्या खाचेत दडवलेला आहे, आणि माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी इतकी की मोजता मोजता दमायला होतं, असं जाऊन आलेले सांगतात. ती मोजायला मुलं आत्ताच वही-पेन्सिल काढून बसली आहेत. रायगडही होईल कधीतरी, महिनाभर आधी ठरवून, रजा टाकून. या गडांना रजा लागत नाही. यांचा वीकली ऑफ पुरतो.